चिरूट वाकडा जळतो तेव्हा

मी स्वतः चिरूट ओढत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे चिरुटाविषयी जे काही अधिकारवाणीने सांगणार आहे त्यावर वाचकांचा विश्वास बसेल. पोहण्याच्या उत्तम सूचना नेहमी काठावर बसलेला माणूस देतो, संसार कसा करावा हे ब्रह्मचारी सांगतो, आणि कोणता चेंडू सोडून द्यायला हवा होता हे मैदानाशेजारच्या गच्चीवरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं खेळपट्टीवरून दिसत नाही. मी असा गच्चीवरचा माणूस आहे. माझ्या मामांच्या समोरच्या खुर्चीत बसून मी वीस-पंचवीस वर्षं चिरूट पाहिला. एवढा अनुभव प्रत्यक्ष ओढणाऱ्यालाही येत नाही. त्याच्या डोळ्यांत धूर जातो.

मामा रेल्वेत होते आणि उमेदीची वर्षं त्यांनी त्रिचनापल्लीला, तिथल्या गोल्डन रॉकच्या वर्कशॉपात काढली. त्या गावाला आता तिरुचिरापल्ली म्हणतात. पण मामांच्या तोंडून ते नाव कधी निघालं नाही, कारण तोंडात चिरूट असताना एवढं लांब नाव घेता येत नाही. दक्षिणेतून परतणारी माणसं येताना इडलीपात्र आणतात, कॉफीचा फिल्टर आणतात, फार तर एखादी पितळी समई. मामांनी चिरूट आणला. शब्दही तिकडचाच. तमिळमध्ये 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. साहेबाने त्याचा 'चेरूट' केला आणि आपण चिरूट.

त्रिचनापल्लीचा चिरूट एके काळी जगप्रसिद्ध होता. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत, 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये, खुनी त्रिचनापल्ली चिरूट ओढत होता हे होम्स जमिनीवरच्या राखेवरून ओळखतो. ही गोष्ट मी मामांना सांगितली तेव्हा त्यांनी खुनाकडे साफ दुर्लक्ष केलं. "राखेवरून ओळखलं! याला म्हणतात शिक्षण," एवढंच म्हणाले. होम्सने १४० प्रकारच्या तंबाखूंच्या राखेवर निबंध लिहिला होता हे कळल्यावर तर, आमच्या बी. ए. बी. टी. वगैरे पदव्यांविषयी त्यांना जो थोडाफार आदर होता तोही गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. हाताने केलेली वस्तू आपल्या हातात बिघडली, तर दोष कोणाचा? आणि ती दुरुस्त करत बसायचं कुठवर?

सिगारेट ओढणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. सिगारेट यंत्रातून येते, सगळ्या सारख्या. एखादी बिघडली तर माणूस ती फेकतो आणि दुसरी काढतो. चिरूट बिघडला की माणूस विचार करायला लागतो. कारण चिरुटाला शरीररचना आहे. आत लांब पानांचा भरणा, त्यावर बांधणीचं पान, आणि सगळ्यात वर निवडक पानाचा अंगरखा. हे सगळं कोणीतरी बसून बोटांनी वळलेलं. म्हणजे एका माणसाच्या बोटांचा दुसऱ्या माणसाच्या ओठांशी आलेला संबंध. जिथे माणसांचा संबंध आला तिथे बिघाड आलाच.

पहिला बिघाड म्हणजे चिरुटाला ओढ न लागणं. काडी लावली, गाल आत गेले, डोळे बाहेर आले, पण धूर काही येत नाही. भरणा फार घट्ट बसलेला असतो किंवा पानाला दमट हवा लागलेली असते. नवशिका माणूस अशा वेळी जोर वाढवतो. मग चिरूट तापतो, कडू होतो आणि तरीही ओढ लागत नाही. मामा जोर लावत नसत. चिरूट अंगठा आणि दोन बोटांमध्ये धरून ते त्याला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच चोळत. आजी लहान मुलाचे पाय चोळते तसं. मध्येच बोटाला गाठ लागली की थांबत. "इथं अडलंय," म्हणत, आणि मामींच्या स्वेटरची बारीक सुई मागवून अंगरख्याला धक्का न लावता भोक पाडत. अर्धा विणलेला स्वेटर दुसऱ्या सुईला लोंबकळत राही.

दुसरा बिघाड याच्या उलट. चिरूट कोरडा पडतो आणि हातात घेताच अंगरखा तडकतो. चिरुटाला ६५ ते ७० टक्के आर्द्रतेची हवा मानवते, म्हणजे साधारण पुण्याला जूनच्या अखेरीस बरं वाटतं आणि एप्रिलात वाटत नाही. मामांनी त्यासाठी एक लाकडी पेटी केली होती. तिच्यात भोकं पाडलेली साबणाची डबी आणि डबीत ओला स्पंज. तडकलेल्या जागी ते बोटाने किंचित डिंक लावत. पण साफ वाळलेल्या चिरुटाला एकदम ओलावा देऊ नये. आतली पानं फुगतात आणि अंगरखा फाटतो. त्याला पेटीत ठेवून काही आठवडे विसरून जावं लागतं. उपाशी माणसाला एकदम श्रीखंड-पुरी वाढू नये, हा वैद्यकाचा नियम मी चिरुटाकडून शिकलो.

तिसरा बिघाड म्हणजे वाकडं जळणं. एक बाजू भराभर जळत पुढे जाते आणि दुसरी मागे राहते. अशा वेळी मागे राहिलेली बाजू खाली करून धरायची. आगीला खालून हवा मिळते, मग मागची बाजू हळूहळू पुढचीला गाठते. अगदीच ऐकत नसेल तर त्या बाजूला एक काडी दाखवायची. पण या बिघाडाचं मूळ बहुतेक वेळा सुरुवातीलाच असतं. पेटवताना घाई केलेली असते. काडीचा गंधक जळून जाऊ द्यावा, मग चिरुटाचं तोंड ज्योतीच्या वर धरून, फिरवत फिरवत सगळीकडून सारखं शेकावं, आणि मग पहिला झुरका घ्यावा. मामांच्या मते साडेनऊला पेटवताना जी चूक होते ती दहा वाजता दिसते आणि माणूस दहा वाजताची कारणं शोधत बसतो. सरकारी चौकशी समित्यांनी हे वाक्य आपल्या कचेरीत फ्रेम करून लावायला हरकत नाही.

चौथ्याला मामा 'खंडाळ्याचा बोगदा' म्हणत. आतला भरणा जळत जातो आणि अंगरखा बाहेरून शाबूत उभा राहतो. लांबून पाहिलं तर चिरूट जसाच्या तसा. आत नुसती राख आणि पोकळी. चिरूट पेटवून बाजूला ठेवून दिला, फार वेळ त्याच्याकडे पाहिलंच नाही, किंवा अंगरखा दमट असला, तर असं होतं. त्याला औषध एकच. पोकळ झालेला भाग कापून टाकायचा आणि नव्याने शेकून पेटवायचा.

पाचवा बिघाड विझण्याचा. त्यात काही गैर नाही. हाताने वळलेला चिरूट विझणारच. राख झटकावी, एकदा आतून बाहेर फुंकर घालून शिळा धूर काढून टाकावा आणि परत पेटवावा. मात्र हे तासाभरात करावं. रात्री विझलेला चिरूट सकाळी पेटवला तर जी चव येते तिचं वर्णन या मासिकात छापता येणार नाही. नवरा-बायकोच्या भांडणालाही हाच नियम लागू आहे, असं मी ऐकून आहे.

सहावा आणि शेवटचा बिघाड म्हणजे चिरूट तापून कडू होणं. कारण एकच, ओढणाऱ्याची घाई. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. मधल्या वेळात काय करायचं? काही नाही. बसायचं.

एकदा कोणीतरी परदेशातून मामांना एक हवाना सिगार आणून दिला. त्रिचनापल्लीचा चिरूट दोन्ही टोकांना उघडा असतो. हवानाच्या डोक्यावर मात्र पानाची टोपी बसवलेली असते आणि ती ओढण्यापूर्वी कापावी लागते. टोपीचा अगदी वरचा चकताच कापायचा. खांद्यापर्यंत गेलात तर सगळा अंगरखा सुटून हातात येतो. मामांनी त्यासाठी मामींचा अडकित्ता घेतला. जन्मभर सुपारी फोडलेल्या त्या अडकित्त्याने क्यूबाच्या सिगारची टोपी अशी अलगद उतरवली की, पाहणाऱ्याला सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखं वाटावं.

या सहा बिघाडांचा मी एकदा हिशेब केला. ओढ न लागण्याचा दोष निम्मा वळणाऱ्याकडे आणि निम्मा ठेवणाऱ्याकडे जातो. कोरडेपणा पूर्ण ठेवणाऱ्याचा. उरलेले चार, म्हणजे वाकडं जळणं, बोगदा, विझणं आणि तापणं, बहुतेक वेळा ओढणाऱ्याचेच. आणि ठेवणारा आणि ओढणारा एकच असल्यामुळे सहापैकी साडेपाच दोष मामांच्या पदरात पडत होते. पण चिरूट वाकडा जळू लागला की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हल्ली वळणारे हात राहिले नाहीत!"

हे वाक्य मला नेहमी खटकायचं. हाताने केलेल्या वस्तूला आपण दोन पैसे जास्त देतो ते तिच्यात हात असतो म्हणून. आणि त्या हाताची खूण दिसली की तक्रारही आपणच करतो. सकाळी आठला बसलेला हात दुपारी चारला तसाच राहत नाही. हवानाच्या कारखान्यांत याची जाण होती. तिथे १८६५ सालापासून एक वाचक ठेवण्याची प्रथा पडली. कामगार पानं वळत असताना तो उंच जागी बसून मोठ्याने वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचतो, आणि ही प्रथा तिकडे अजून टिकून आहे. 'माँटेक्रिस्टो' हे सिगारचं नाव द्यूमाच्या कादंबरीवरून आलं ते यामुळेच, असं सांगतात. कामगारांना ती फार आवडायची. आता अशा खोलीत कादंबरीचा नायक तुरुंगातून निसटत असताना एखाद्याचं बोट जरा जास्त दाबलं गेलं आणि सात समुद्रांपलीकडे कोणाला ओढ लागली नाही, तर त्या बोटाला दोष द्यायचा की द्यूमाला? मला विचाराल तर तो दोष माफ करावा. सहापैकी अर्धाच आहे.

पण माझा खरा प्रश्न पुढेच आहे.

मामांची ही सगळी तपश्चर्या पाहून परका माणूस म्हणाला असता, काय शांत गृहस्थ आहेत! मामा शांत नव्हते. भाजीत मीठ कमी असलं तर ते ताटासकट सांगत. दारावर कोणी दोनदा घंटा वाजवली तर तिसऱ्यांदा वाजवायची त्याची हिंमत राहत नसे. आणि मामींचं वाक्य त्यांनी कधी पूर्ण होऊ दिलं नाही. "अहो, मी म्हणत होते—" इथपर्यंत मामी पोहोचत, आणि "अगं, माहीत आहे" म्हणून मामा गाडी पुढे काढत. दोन झुरक्यांच्या मध्ये मिनिटभर थांबणारा हा माणूस दोन शब्दांच्या मध्ये थांबत नसे.

म्हणजे थांबणं त्यांना येत नव्हतं असं नाही. जोर लावू नये, अडलं असेल तिथे बोटाने हलकेच चाचपावं, मागे राहिलेल्या बाजूकडे लक्ष द्यावं, विझलं तर शिळा धूर काढून नव्याने पेटवावं, हे सगळं त्यांना उत्तम येत होतं. आपल्या संतांनी याहून वेगळं काय सांगितलंय? फरक इतकाच की ही विद्या मामा तासाभरात राख होणाऱ्या वस्तूवर खर्च करत. माणसं काय, घरातच होती.

मामींची खुर्ची बैठकीच्या खोलीत मामांच्या शेजारी होती. ती कधी हलली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्यांदा ती खिडकीशी गेली, मग दारात, आणि मी कॉलेजात जायला लागलो तोवर ती मागच्या दारापाशी, मोरीच्या अलीकडे स्थिर झाली होती. तिथे उजेड कमी होता, पण वारा होता. मामी तिथे बसून विणत आणि खोकत. खोकला आला की मामा बसल्या जागेवरून उपाय सांगत. ज्येष्ठमध धर. खडीसाखर घे. गुळण्या कर. स्वतः उठून आडुळशाचा काढाही करून देत. दुरुस्तीची हौसच तशी. फक्त खोकला आणि धूर या दोन गोष्टी एका वाक्यात कधी आल्या नाहीत.

आणि चिरुटाबद्दल मामांचा एक युक्तिवाद होता. "मी धूर गिळत नाही. सिगारेटवाले गिळतात. हा नुसता तोंडात खेळवायचा असतो." हा युक्तिवाद जगभरचे सिगारवाले करतात. पण सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे तो न गिळताही निकोटिन तोंडाच्या अस्तरातून थेट रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. आणि मागच्या दारापाशी बसलेल्या माणसाला न गिळण्याची सोय नसते. तो श्वास घेतो.

सिगमंड फ्रॉइड हा माणसाच्या मनाचे बिघाड दुरुस्त करायला निघालेला सगळ्यात मोठा कारागीर. त्याला सिगारांचं व्यसन होतं. १९२३ साली त्याच्या तोंडात कर्करोग सापडला. टाळूचा आणि जबड्याचा भाग काढावा लागला आणि तोंड आणि नाक यांच्यामध्ये एक कृत्रिम तुकडा बसवावा लागला. तो तुकडा कधी नीट बसला नाही. त्याला तासत, बदलत, पुन्हा बसवत १६ वर्षं गेली. तिसाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. या सगळ्या काळात तो सिगार ओढतच राहिला, आणि १९३९ साली लंडनला वारला. स्वतःच्या मनात काय चाललंय हे या माणसाला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याला कळत होतं. पण तो तुकडा बरोबर बसवणं ही दुरुस्ती होती आणि सिगार ठेवून देणं ही दुरुस्ती नव्हती, तो निर्णय होता.

मला वाटतं, घोळ इथेच आहे. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला आपण काहीतरी चांगलं करतोय असं सतत वाटत असतं, आणि ते खोटंही नसतं. वाकडं जळणारं सरळ करणं चांगलंच. पण बारीक बिघाडांत हात गुंतलेले असले की मोठा प्रश्न विचारायला माणूस मोकळा नसतो. गळक्या नळाला चिंधी बांधून बांधून आपण त्यातले तज्ज्ञ होतो आणि वॉशर बदलायचा राहून जातो. कचेरीत फायलींना नवीन दोरे बांधले जातात. मुलाचं अक्षर सुधारता सुधारता तो लिहितो काय हे वाचायचं राहतं. हे सगळे लोक आळशी नसतात. सगळे कामात असतात.

मामांची गोष्ट फ्रॉइडइतकी मोठी नाही. एका पावसाळ्यात मामींचा खोकला थांबेना, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. मामाही बरोबर आले. डॉक्टरांनी छाती तपासली, श्वासनलिकेला कायमची सूज आहे म्हणाले, आणि मामींना विचारलं, "घरात कोणी ओढतं का?" मामींनी माझ्याकडे पाहिलं. त्या काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "मी." नेहमीप्रमाणे त्यांनी मामींचं वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. पण त्या दिवशी मामींची हरकत दिसली नाही.

मामांनी चिरूट सोडला असं लिहायला मला आवडलं असतं. त्यांनी सोडला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते चिरूट घेऊन खाली, गल्लीच्या टोकाच्या पारावर जाऊन बसू लागले. पाऊस असला तर छत्री घेऊन. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात चिरूट असल्यावर मागची बाजू खाली करून धरता येत नाही, त्यामुळे चिरूट पार वाकडे जळत. काही महिन्यांनी मामींची खुर्ची बैठकीच्या खोलीत परत आली. सूज गेली नाही, ती जाण्यातली नव्हतीच. पण खोकला कमी झाला. मी एकदा मामींना विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही मामांना बोलला का नाहीत?" त्या टाके मोजत होत्या. ओळ संपवून म्हणाल्या, "त्या चिरुटाला दर मिनिटाला बघायचे की रे कसं काय म्हणून. मला वाटायचं, कधीतरी इकडे बघतील."

पुढे २००८ साली गांधीजयंतीच्या दिवसापासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. तोवर मामा आणि मामी दोघंही नव्हते, आणि पारही रस्तारुंदीत गेला होता. मामांना ती बंदी पटली नसती. त्यांनी खाली जायला सुरुवात केली ती कोणाच्या हुकमाने नाही. एका प्रश्नाचं उत्तर त्यांनी स्वतःच्या तोंडाने दिलं होतं म्हणून. अर्धीच दुरुस्ती होती ती. स्वतःपुरता प्रश्न त्यांनी तसाच ठेवला. पण जिचा श्वास होता तिला तिची खोली परत मिळाली. अर्ध्या दुरुस्तीला नीतिशास्त्रात गुण किती द्यायचे हे प्राध्यापकांनी ठरवावं. मी असतो तर पास केलं असतं. पहिला वर्ग दिला नसता.

चिरुटाच्या बाबतीत मी कोणाला सल्ला देत नाही. ओढू नये हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत असलेली गोष्ट परत सांगितली की माणसं काडी पेटवतात. एवढंच म्हणतो, की ज्यांना खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाचा वाकडा जळणारा चिरूट दिसतो, त्यांची नजर उत्तमच असते. तिने अधूनमधून मागच्या दारापाशी कोण बसलंय तेही पाहून घ्यावं. त्याला सुई लागत नाही, अडकित्ता तर मुळीच नाही.